गावच्या पेटीत आपलं नाव

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात आमच्या घरी चांगलंच वाजलं. मुलाला शाळेतून आपल्या गावाचा इतिहास लिहून आणायला सांगितला होता. तो काही केल्या लिहीना. त्याचे बाबा रागावले, मी मध्ये पडले, आवाज चढले. शेवटी तो म्हणाला, "आई, या गावाच्या इतिहासात आपण कुठेच नाही. मग मी दुसऱ्यांचं का लिहू?" दहा वर्षांचा आहे तो. आम्हा दोघांना उत्तर सुचलं नाही.

शनिवारी त्याला घेऊन लॅक्स्टनला गेले. नॉटिंगहॅमशायरमध्येच आहे, तासाभराच्या आत पोचतो. या सभागृहात किती जण तिथे गेले आहेत? हात वर करा बरं. पाहिलंत? आपण पाहुण्यांना लंडन दाखवतो, स्टोनहेंज दाखवतो, आणि हे जिल्ह्यातलं गाव आपल्याला ठाऊक नसतं.

1086 च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, या गावाची नोंद आहे. बाकी इंग्लंडमधली बहुतेक मोकळी शेतं कुंपणं घालून कधीच वाटली गेली. लॅक्स्टनमध्ये मात्र वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तीन मोठी रानं अजूनही पट्ट्यापट्ट्यांनी कसली जातात. पिकांची पाळी तीन वर्षांची, त्यात एक रान पड. 1635 साली मार्क पिअर्स या मोजणीदाराने काढलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्टी न् पट्टी दाखवली आहे, शेतात राबणारी माणसंसुद्धा काढली आहेत. आणि आजही दर नोव्हेंबरच्या अखेरीस गावचे पंच गव्हाच्या रानात फिरतात. कोणी सामाईक गवतात नांगर घातला का, कोणी रस्ता खाल्ला का, हे पाहतात आणि हद्दीवर खुंट्या ठोकतात. त्यानंतरच्या आठवड्यात गावातल्या पबमध्ये मॅनरचं, म्हणजे जहागिरीचं, न्यायालय बसतं. त्याला कोर्ट लीट म्हणतात. तिथे दंड होतात, नवे पंच शपथ घेतात.

बांध कोरण्याची भांडणं तुम्हाला काय समजावून सांगायची! सातबाऱ्यावरची नावं आणि चुलत्यांचा अबोला आपण सगळे घरून घेऊनच आलो आहोत. माझे सासरे तर त्या रानाच्या कडेला उभे राहिले असते तर आधी खुंटीच हलवून बघितली असती.

नंतर आम्ही सेंट मायकल चर्चमध्ये गेलो. इथले जुने जहागीरदार म्हणजे एव्हरिंगहॅम घराणं. शेरवुडच्या जंगलाची राखण त्यांच्याकडे होती. त्यांच्या दगडी पुतळ्यांबरोबर एका बाईचा ओक लाकडाचा पुतळा आहे, मध्ययुगातला. हात जोडून आडवी झोपलेली बाई. मुलगा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग पुन्हा तेच: "पण आपण?"

मग मी त्याला दोन शब्द समजावले. मॅनर म्हणजे जमीन आणि तिचा मालक. पॅरिश म्हणजे चर्च आणि त्याच्या हद्दीतली माणसं. 1538 साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहावीत. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. नोंद चुकली तर तीन शिलिंग चार पेन्स दंड, आणि तो पैसा त्याच चर्चच्या डागडुजीला. त्या हुकमामुळे आज इथल्या साध्या मजुराला आपल्या पणजोबाच्या पणजोबाचं नाव सापडू शकतं. आपल्याकडे ते नाशिकच्या नाहीतर त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वहीत सापडतं, तेही कोणी जाऊन विचारलं तर.

पण त्या पेट्यांमध्ये आणखीही कागद आहेत. 1662 च्या कायद्याने गावात नव्याने आलेला गरीब माणूस गावावर भार होईल असं वाटलं, तर त्याला चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याच्या मूळ पॅरिशला परत धाडता येई. तुझं गाव कोणतं, बाप कुठला, चाकरी कुठे केलीस, असे जबाब लिहून घेत. अविवाहित गर्भार बायकांना तर मूल आपल्या हद्दीत जन्मू नये म्हणून शेजारच्या गावात हाकलत. शेजारच्या कौंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, आलेला इंग्रज माणूससुद्धा इथे उपराच होता. मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने प्रथमच वही उघडली.

मग त्याला मुंबईचं सांगितलं. 1668 साली राजा दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, वर्षाला दहा पौंड सोन्यात या भाड्याने. आणि सनदेत काय लिहिलंय? मुंबई ही केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरकडून धारण केलेली जमीन समजावी! आपली गिरगाव-परळची जागा कायद्याच्या कागदावर टेम्सच्या काठच्या एका मॅनरला बांधलेली होती. तिथल्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं, हे मी मुलाला मुद्दाम सांगितलं. या इतिहासात आपण आहोत ते असे, आणि तेही तितकंच नीट लिहिलं गेलं पाहिजे.

आता थोडं कडू बोलते. आपल्यातले पहिले लोक इथे येऊन पन्नास वर्षं होऊन गेली. पहिला गणपती कोणाच्या दिवाणखान्यात बसला, मूर्ती कोणी कशी आणली, थंडीत दिवाळीसाठी सभागृह कोणी मिळवलं, हे सांगणारी माणसं दर हिवाळ्यात एकेक करून कमी होताहेत. मंडळाची जुनी इतिवृत्तं कोणाच्या तरी माळ्यावर आहेत, कोणाच्या ते नक्की कोणालाच माहीत नाही. फराळाच्या ताटांचा हिशोब आपण पेनीपर्यंत ठेवतो आणि माणसांची नावं ठेवत नाही. पॅरिशच्या जुन्या वह्या आज कौंटीच्या दफ्तरखान्यात हवा-पाणी सांभाळून जपल्या जातात. असे दफ्तरखाने संस्थांचे कागदही ठेवून घेतात. आपण नेऊन दिले पाहिजेत.

यात एक काळजी मात्र मला सुटत नाही. ती इतिवृत्तं देवनागरीत आहेत, शाईने घाईत लिहिलेली. मला ती वाचता येतात, माझ्या मुलाला येत नाहीत. कागद जपले तरी चाळीस वर्षांनी पेटी उघडणाऱ्याला ते वाचता येतील का? इंग्रजी करून ठेवायचं, तर ज्या बायकांनी ते लिहिलं त्यांचं बोलणं त्यात कितपत उरेल? आणि रविवारच्या आपल्या मराठी वर्गात या वर्षी मुलं किती राहिली आहेत, हे आपण सगळेच जाणतो.

ज्यांच्या घरी जुने कागद, फोटो, कार्यक्रमपत्रिका असतील त्यांनी जेवणाआधी मला भेटा. मी दाराजवळच्या टेबलाशी वही घेऊन बसते आहे.