दहा अर्ज आणि एक उभी रेघ

[दृश्य : तुर्कस्तान, कायसेरी प्रांत. उझुनयायलाचं पठार, चेर्केस गाव, बंद पडलेली शाळा.]

तुर्कस्तानच्या सरकारी शाळांत २०१२ पासून चेर्केस भाषा शिकता येते. पाचवीपासून, आठवड्याला दोन तास, ऐच्छिक विषय म्हणून. अट अशी, की किमान दहा मुलांनी हा विषय मागायला हवा.

या दहांपाशीच बहुतेक ठिकाणी गाडी अडते. १८६४ मध्ये रशियन साम्राज्याने कॉकेशसमधून हाकललेल्या चेर्केस लोकांना ऑटोमन राजवटीने अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, दूरदूर वसवलं. गावं होती तोवर भाषा घरात टिकली. पुढे माणसं शहरात गेली. गावातल्या शाळा बंद होऊन उरलेली मुलं बसने दुसरीकडे जाऊ लागली. इस्तंबूलमध्ये चेर्केस पुष्कळ आहेत, पण एका शाळेत एका इयत्तेची दहा मुलं जमवायची कशी? म्हणून अर्जाच्या मुदतीआधीच पालकांनी नावं जुळवावीत आणि अर्ज लेखी द्यावेत. दहा जमले तरी शिक्षक नसेल तर तास होत नाही. दुझ्जे विद्यापीठात चेर्केस भाषेचा विभाग आहे. तिथून शिकून निघालेल्यांना कायम नोकरी मिळायलाच हवी.

हक्क मुळातच तोकडा आहे. तुर्कस्तानशी झालेल्या १९२३ च्या लोझान तहाने फक्त बिगर-मुस्लिमांना अल्पसंख्य मानलं, चेर्केस मुस्लिम. शिवाय संविधानाच्या ४२ व्या कलमानुसार शाळेत तुर्कीखेरीज कोणतीही भाषा मातृभाषा म्हणून शिकवता येत नाही.

[दृश्य : पुस्तकाचं पान, अगदी जवळून.]

मग लिपीचा वाद. कॉकेशसमधली पुस्तकं, शब्दकोश, वर्तमानपत्रं सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनच्या लिपीत. तुर्कस्तानातली मुलं लॅटिनमध्ये वाढलेली. तिथे लॅटिन अभ्यासक्रमालाही मान्यता मिळाली. आमच्या मते सिरिलिकच शिकवावी, नाहीतर सगळा छापील ठेवा मुलांना परका होईल. ती सोपी नाही, हेही खरं: चेर्केसच्या कबार्डियन बोलीत एका ध्वनीसाठी सलग चार अक्षरं लागतात.

ही उभी रेघ बघा. हिचं नाव पालोच्का. ‘प’, ‘त’, ‘क’च्या पुढे ती आली की घसा क्षणभर बंद करून तो ध्वनी फेकायचा. साध्या रशियन कीबोर्डवर ती नसते, म्हणून लोक एकचा आकडा किंवा लॅटिन आय टंकतात. मराठीत ळ सापडेना म्हणून कुणी ल, कुणी ड लिहावं, तशी गत. दिसायला शब्द तोच, पण शोधला तर सापडत नाही. युनिकोडमध्ये तिचं लहान अक्षर आलं तेच २००६ मध्ये.

जुन्या फाइली दुरुस्त करताना सरसकट ‘बदला’ दाबू नये. सनांमधले एकचे आकडेही रेघ होऊन बसतात. सिरिलिक अक्षराला चिकटलेला एकचा आकडा तेवढाच बदलावा. आणि मुलांच्या फोनवर ही रेघ असलेला कीबोर्ड पहिल्याच तासाला बसवून द्यावा; आकड्याची सवय एकदा लागली की सुटत नाही.