डबा अप-डाऊन

(माहितीपटाचं निवेदन)

दृश्य : पहाटेचा अंधार. गावच्या पारासमोर उभी असलेली एसटी. काचांवर दव. लांबून कुत्र्यांचा आवाज.

हिला मुक्कामी गाडी म्हणतात. रात्री शेवटची फेरी म्हणून गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात पथारी टाकतात, आणि तांबडं फुटायच्या आधी पहिली फेरी म्हणून ती साताऱ्याला निघते. कोरेगाव तालुक्यातलं गाव आहे. समोर जरंडेश्वराचा डोंगर आहे, पण तो अजून दिसायचाय. आत्ता दिसतायत ती मोबाइलच्या उजेडातली सात-आठ तोंडं. सगळी कॉलेजची, रोज गाव ते सातारा अप-डाऊन करणारी.

खिडकीशी बसलेला हा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार वाजता उठलाय. शेणघाण काढली, दोन म्हशींची धार काढली, डेअरीत दूध घातलं, अंगावर दोन तांबे घेतले आणि पळत गाडी धरली. कितीही साबण लावला तरी हाताला धारेचा वास राहतो, म्हणून हा वर्गात शेवटच्या बाकावर बसतो, असं त्याचा मित्र सांगतो. तो स्वतः म्हणतो, "तसं काय नाय. मागं पंखा हाय."

दृश्य : कंडक्टर पास बघतोय. प्लॅस्टिकच्या पाकिटातला पास, त्यावर फोटो.

विद्यार्थ्यांच्या पासाला एसटीत ६६.६७ टक्के सवलत आहे. साध्या हिशेबात, दहा दिवसांचं भाडं भरायचं आणि तीस दिवस फिरायचं. गावातल्या डेअरीचं बिलही दर दहा दिवसांनी निघतं. वीस दिवसांचं सरकार बघतं, दहा दिवसांचं म्हैस.

मग हॉस्टेलला का राहत नाहीस? हा प्रश्न आम्हीही विचारला, आणि विचारून झाल्यावर जरा ओशाळलो. हॉस्टेलची फी आणि मेसचं बिल, एवढाच याचा हिशेब नाही. हा साताऱ्यात राहिला तर धार कोण काढणार? वडिलांच्या मणक्यात गॅप आहे. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते. म्हणजे ज्या दिवशी खर्च वाढणार त्याच दिवशी मिळकत थांबणार. कॉलेजच्या माहितीपुस्तकात हॉस्टेलच्या खर्चाचा तक्ता असतो. त्यात म्हशीचा रकाना नसतो.

दृश्य : उजाडलंय. माहुलीचा पूल, खाली कृष्णा. गाडीत आता उभं राहायला जागा नाही.

कोरेगावातच गाडी भरली. माहुलीला कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात. पूल ओलांडताना पुढच्या सीटवरची म्हातारी नदीला हात जोडते, आणि तिच्या मागं उभी असलेली पोरगी एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातात नोट्स वाचते. अप-डाऊन करणाऱ्याला तिसरा हात लागतो, असं आम्ही म्हणायचो. एक दांड्याला, एक बॅगेला, एक डब्याला.

आम्ही म्हणजे मी सुद्धा. याच रस्त्यावर मी दोन वर्षं अप-डाऊन केलं. त्यामुळे या फिल्ममध्ये मी तटस्थ नाही, हे आत्ताच सांगून टाकतो.

दृश्य : प्रयोगशाळा. ब्युरेटमधून पडणारे थेंब. शंकूपात्रात येत जाणारी गुलाबी छटा.

सकाळची दगदग मला आता आठवतसुद्धा नाही. विसाव्या वर्षी माणूस कुठंही उभ्या-उभ्या झोपतो. आठवते ती संध्याकाळ. आमचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल दुपारी असायचं. टायट्रेशनला, म्हणजे द्रावण किती लागतं ते मोजताना, शेवटी थेंब-थेंब सोडायचं असतं. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं. माझा रंग कायम गडद गुलाबी. कारण एंड पॉइंट यायच्या आत गाडीचा टाइम यायचा. मी कॉक उघडा सोडायचो, वहीत शेजारच्याचे आकडे उतरवायचो आणि स्टँडकडे पळायचो. मॅडम वहीवर सही करताना एकदा म्हणाल्या, "तुझे आकडे अगदी बरोबर येतात हं." त्यांना कळलं होतं. शेजारचा हॉस्टेलचा होता.

तास बुडत नाहीत अप-डाऊनमध्ये. बुडतं ते तासांनंतरचं. सर वर्ग संपल्यावर दारात उभे राहून जे अर्धा तास बोलतात ते. ग्राउंडवरची प्रॅक्टिस, गॅदरिंगच्या नाटकाची तालीम, अभ्यासिकेतला रात्री दहापर्यंतचा दिवा. आणि चहाच्या टपरीवर "कुठल्या परीक्षेचा फॉर्म सुटलाय" हे उडत-उडत कानावर पडणं. आता फॉर्म फोनवर कळतो, हे खरं. पण तो भरायला कुणी खांद्याला धरून बसवत नाही.

दृश्य : जुनं छायाचित्र. ओळीत जेवायला बसलेली मुलं. पत्रावळी.

साताऱ्याला वसतिगृहाचं महत्त्व कुणी समजावून सांगायची गरज नाही. हे गाव त्यावरच उभं राहिलंय, निदान शिक्षणाच्या बाबतीत तरी.

गोष्ट कोल्हापुरात सुरू होते. भाऊराव पाटील तिथं जैन बोर्डिंगमध्ये शिकायला होते. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं, त्याच्या समारंभाला हा पोरगा गेला. परत आल्यावर बोर्डिंगात त्याला सांगितलं, आंघोळ करून आत ये. तो म्हणाला, करणार नाही. झालं, बोर्डिंग सुटलं.

वसतिगृहातून बाहेर काढलेल्या त्या माणसानं पुढं जन्मभर वसतिगृहं काढली. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये काम साताऱ्याला आलं आणि इथं बोर्डिंग निघालं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीत. २५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधी आले आणि त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. एकदा पोरांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं, गळ्यातलं मंगळसूत्र दिलं. ही गोष्ट साताऱ्यातल्या प्रत्येक शाळेत सांगतात, आणि इतकी सांगतात की ऐकताना तिचा भार जाणवेनासा होतो. एका बाईनं मेसचं बिल भरलं होतं. १९३० साली त्या गेल्या.

मला यातलं वेगळंच लक्षात राहतं. भाऊरावांना मुलांना नुसतं शिकवायचं असतं तर शाळा पुरली असती. त्यांना पोरांची संध्याकाळही हवी होती. कोण कुणाशेजारी जेवतो, कोण कुणाचं ताट धुतो, रात्री अंथरुणावर कोण कुणाशी बोलतो, हे वर्गात होत नाही. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं तेव्हा "कमवा आणि शिका" तिथं आलं; पोरं शेतात राबायची आणि त्यातून शिकायची. आमच्या म्हशीवाल्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आमी बी तेच करतोय की. फकस्त हॉस्टेल घरी हाय."

दृश्य : कासचा रस्ता. यवतेश्वराचा घाट. पुढं बामणोली, धुक्यात उभ्या लाँच.

काहींच्या बाबतीत घर की हॉस्टेल हा प्रश्नच उठत नाही. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, त्याच्या पलीकडं कांदाटी खोरं. तिथल्या वाड्यांतून बामणोलीला किंवा तापोळ्याला यायचं तर लाँच. तिथून एसटी. पावसाळ्यात धुकं उतरलं, वारा सुटला की लाँच थांबते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण, जावळी, महाबळेश्वरकडं दरडी कोसळल्या, रस्ते वाहून गेले, कित्येक वाड्या दिवसेंदिवस तुटल्या होत्या. इथल्या पोरांना पाचवीपासूनच आश्रमशाळा, वसतिगृह, नाहीतर मुंबईतल्या चुलत्याचं घर. त्यांना होमसिक वगैरे होतं का, असं विचारलं तर हसतात. एकजण म्हणाला, "घरची आठवण यायला आधी घरात राहायला पायजे."

दृश्य : मुलींच्या वसतिगृहाचं फाटक. रजिस्टरमध्ये सही करणाऱ्या मुली.

मुलींचं गणित वेगळं. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. बारावी झाली की तो संपतो, आणि नेमकं तेव्हाच कॉलेज लांब जातं. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी सरकार भरतं. फार मोठी गोष्ट आहे ही. पण मेसचं बिल शिकवणीत येत नाही. पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, बाबासाहेबांच्या नावानं स्वाधार योजना आहे. कागद जुळले तर मिळतात. कागद जुळवायला तहसीलच्या चकरा. चकरा मारायला वडिलांचा रोज बुडतो.

आणि पैशाचं जमलं तरी "पोरगी बाहेर ठेवायची?" हा प्रश्न उरतोच. फलटणकडच्या एका वडिलांनी आम्हाला सांगितलं, "मला तिच्यावर विश्वास हाय. गावावर नाय."

मुलींना हॉस्टेलमध्ये संध्याकाळ मिळते, असं म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. फाटक सातला बंद. म्हणजे अभ्यासिका नाही, ग्राउंड नाही, नाटकाची तालीम तर नाहीच. गावाकडं जाणारी शेवटची एसटी त्यानंतर सुटते. तरीही मी ज्या-ज्या मुलीला विचारलं तिनं हॉस्टेलच बरं म्हटलं. कारण एकीनं सांगितलं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. "घरी पोचलं की पहिलं पीठ मळायचं. भाऊ पण त्याच गाडीनं येतो. तो पोचला की टीव्ही लावतो."

दृश्य : ओस पडलेलं स्टँड. रांगेत उभ्या गाड्या. बाहेर भरलेलं वडाप, म्हणजे खासगी प्रवासी जीप.

अप-डाऊन किती नाजूक असतं ते २०२१ च्या नोव्हेंबरात कळलं. एसटीचा संप लागला तो एप्रिल २०२२ पर्यंत पुरता मिटला नाही. कोरोनानंतर कॉलेजं नुकती उघडत होती. पास खिशात, गाडी डेपोत. मग वडाप. नऊ जणांच्या जीपमध्ये पंधरा, आणि वडापाला पास चालत नाही. त्या वर्षी अनेकांनी तिघा-चौघांत मिळून कॉट बेसिसवर खोल्या केल्या. अनेकांनी कॉलेजच सोडलं.

दृश्य : सकाळ. सातारा स्टँड. एका गाडीतून ड्रायव्हर कापडी पिशव्या खाली देतोय.

घर आणि हॉस्टेल यांच्या मधला एक रस्ता आमच्या भागानं फार पूर्वी शोधलाय. त्याला योजनेचं नाव नाही. पोरगं साताऱ्यात खोली करून राहतं आणि गावाकडून त्याचा डबा एसटीनं येतो. माणूस मुक्कामी, डबा अप-डाऊन.

आई पहाटे भाकऱ्या थापते. कापडी पिशवीवर बॉलपेननं नाव आणि गाव. पिशवी ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या उबेला. साताऱ्यात फलाटावर पोरं वाट बघत उभी. माझ्या वेळी एका गाडीत पंधरा-वीस डबे असायचे. आता मेस झाल्या, ऑनलाइन जेवण झालं, डबे कमी झाले. पण गेले नाहीत. पिशवी उघडली की पहिला वास खर्ड्याचा, मग कालच्या आमटीचा. आमटी कधी कधी पिशवीलाच लागलेली असते. डबे बदलतातही. आमच्या खोलीवरच्या एकाला महिनाभर दुसऱ्याच गावच्या कुणाचा तरी डबा येत होता. त्यानं सांगितलं नाही. त्या आईची शेंगदाण्याची चटणी चांगली होती म्हणे.

हो, मीही शेवटच्या वर्षी खोली केली. टायट्रेशन एकदाचं फिकट गुलाबी आलं. पण त्या वर्षी आजी गेली, आणि मला ते दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर आलेल्या चिठ्ठीतून कळलं. घरात फोन नव्हता.

दृश्य : तोच मुलगा. आता स्टँडवर, फलाटाच्या कडेला.

शूटिंग संपवून आम्ही गेलो, आणि चार महिन्यांनी पुन्हा आलो. हा आता तिसऱ्या वर्षाला आहे. एक म्हैस विकली. त्यात खोलीचं डिपॉझिट निघालं आणि काही महिन्यांचं भाडं. दुसरीची धार आई काढते, रानात उशिरा जाते. मेस परवडत नाही, म्हणून डबा. शनिवारी तो घरी जातो, रविवारची धार त्याची.

गाडी लागते. ड्रायव्हर त्याला नावानं ओळखतो. हा आजचा डबा घेतो आणि कालचा पिशवीत घालून परत देतो.

रिकामा डबा जड दिसतो. आत काय आहे, म्हणून आम्ही विचारतो.

"आबांच्या कमरेच्या गोळ्या. कोरेगावात मिळत नव्हत्या. आन् आईचा चष्मा, काडी बसवून घेतली."

गाडी मागं घेताना ड्रायव्हर पिशवी उचलून शेजारी ठेवतो, इंजिनाच्या बाजूला नाही, खिडकीकडं. चष्म्याला उब नको.