इंजिन उतरवायच्या आदल्या आठवड्यात

मंडळी, विषय आहे घरच्या घरी गाडीचं इंजिन काढणं, पण प्रत्यक्ष काढण्याबद्दल मी आज फार कमी बोलणार आहे. ते अर्ध्या दिवसाचं काम, आणि त्यात बरंवाईट जे व्हायचं ते बहुतेक आदल्या आठवड्यातच ठरून गेलेलं असतं. इंजिन लटकणार कशाला आणि गाडी टेकणार कशावर, हे दोन प्रश्न सुटले नसतील तर पान्याला हातच लावू नका, एवढं मला कळकळीने सांगायचंय.

इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या दारात जुनी मारुती ८०० किंवा झेन उभी असेल. ८०० कंपनीने २०१४ मध्ये बंद केली, तरी लोकांचा जीव आहे त्या गाडीवर, आणि मला ते आवडतं. इंजिन छोटं आहे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणून वाटतं की दोघांनी धरलं की झालं. पण गिअरबॉक्स धरून ते शंभर किलोच्या मागेपुढे जातं, आणि लटकलेलं शंभर किलो एकदा हलायला लागलं की हाताने थांबत नाही, मध्ये बोटं आली तर बोटं जातात.

आता लटकवायचं कशाला. आपल्याकडे पहिली नजर जाते पडवीच्या तुळईकडे नाहीतर परसातल्या आंब्याकडे. तुळई घातलेली असते कौलांचं वजन पेलायला, आणि ते वजन सगळीकडे पसरलेलं असतं, चेन ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी, लावला की सगळा भार एका वीतभर जागेवर येतो. त्यात वाळवी आतून खाते आणि बाहेर रंग तसाच राहतो, म्हणजे बघून काही कळत नाही. आंब्याच्या फांदीचंही तेच. आणि जेटीवरून आणलेला ट्रॉलरचा जुना नायलॉनचा दोर कृपा करून वापरू नका, उन्हाने आणि मिठाच्या पाण्याने तो कमकुवत झालेला असतो, वर गाठ मारली की गाठीशी अजून कमकुवत होतो. वजन उचलायची साखळी घ्या, तिच्यावर किती वजन झेपतं ते लिहिलेलं असतं. बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो तो वाचून घ्या, आणि साखळी इंजिनच्या हुकांनाच अडकवा, मॅनिफोल्डला किंवा पाइपला नाही.

सरळ इंजिन क्रेन भाड्याने आणा. पण तिच्यावर २ टन लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, ते २ टन हात सगळ्यात आखूड असताना. हात बाहेर ओढत गेलात की ताकद कमी कमी होत जाते, शेवटच्या भोकात अर्धा टन किंवा त्याहूनही कमी. आपलं इंजिन तेवढ्यातही बसतं, पण क्रेन पुढे कलंडू शकते, म्हणून पाय पूर्ण पसरून पिना घातल्यात ना ते दोनदा बघा. आणि तिची चाकं लहान आणि लोखंडी. तांबड्या मातीत रुततात, पेव्हरच्या फटीत अडकतात, आणि आपली अंगणं उताराची, भरलेली क्रेन उतारावर आपसूक निघते. सपाट कोबा पायजे, नसेल तर काम दुसऱ्याच्या अंगणात करा, लाज कसली.

गाडीखाली जाण्याआधी एक गोष्ट, ही मी परत परत सांगतो. गाडीखाली जांभ्याचे चिरे लावू नका. चिरा भिंतीत बसला की घर धरतो कारण भार सगळ्या चिऱ्यांवर वाटला जातो, पण गाडीचा भार एका कोपऱ्यावर आला की चिरा आधी किरकिर करत नाही, वाकत नाही, एकदम फुटतो. पोकळ सिमेंट ब्लॉकचंही तसंच. जॅकवरसुद्धा भरवसा नाही, आतली सील गळली की गाडी हळूहळू खाली बसते. जॅक स्टँडच लावा, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी पाय, दोन, आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला असला तरी. सगळं लावून झालं की बाहेर उभं राहून गाडीला खांद्याने धक्का द्या, जरा जरी डुलली तर खाली जायचं नाही.

बॅटरीचा मायनस आधी काढा, कारण प्लस आधी काढताना पाना बॉडीला लागला की ठिणगी पडते. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या, गाडीत पेट्रोलच्या लायनीत प्रेशर राहतं, तर आदल्या दिवशी, बॅटरी जोडलेली असतानाच, पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं. तरी पाइप सोडताना खाली फडकं धरा, थोडं येतंच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटत जाते, म्हणून देवघरातली समई, गॅसची शेगडी, विहिरीच्या पंपाची मोटर हे सगळं ध्यानात धरा आणि पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. सीएनजी किंवा एलपीजीची गाडी असेल तर घरी हात लावू नका. एसीचा गॅस सोडून द्यायचा नसतो, कॉम्प्रेसर पाइपसकट सोडवून बाजूला बांधून ठेवता येतो, पाइप उघडायचीच वेळ आली तर आधी एसीवाल्याकडे गॅस काढून घ्या.

तेल आणि कूलंट टबात घ्या, इंजिन गार झाल्यावरच. आपली जांभ्याची जमीन सच्छिद्र, अंगणात सांडलेलं तेल मुरत मुरत विहिरीत जातं, आणि ते पाणी आपण पितो. कूलंट गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची किडनी जाते, तेव्हा टबावर झाकण ठेवा.

वेळ म्हणाल तर पावसाळ्यात हात घालू नका. चवथीला गाडी हवी म्हणून ऑगस्टमध्ये उघडी करणारे लोक मी बघतो, ओल्या हवेत उघडे भाग गंजतात आणि घाईत चुका होतात. जानेवारी-फेब्रुवारी बरा. समुद्राकडच्या गावांत सायलेन्सरचे बोल्ट हमखास जाम, त्यांच्यावर दोन-तीन दिवस रोज गंज सोडवायचा स्प्रे मारत जा. प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी लावून नंबर टाका, मोबाइलवर फोटो काढा, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत.

त्या दिवशी दोघं तरी पायजेत, एक क्रेनवर, एक इंजिनजवळ, आणि दोघांतला कुणीही "थांब" म्हणाला की लगेच थांबायचं, का ते नंतर विचारायचं. पोरांना घरात ठेवा. माउंट, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे आधार, सगळ्यात शेवटी सोडा, साखळीवर वजन आल्यावर. इंजिन बॉनेटच्या पट्टीवरून सुटलं की ते आहे तसं उंच ठेवून फिरवू नका, लगेच खाली घ्या, गुडघ्याच्या खाली, आणि मग हलवा.

मघाशी एका काकांनी ओमनीचं विचारलं. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि खालच्या बाजूने निघतं, म्हणजे अख्खी गाडी बरीच वर उचलावी लागते. ते घरी करू नका काका, लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्येच न्या.