बारा नंबरची डकोटा

(दृश्य: पहाटेचा अंधार. पंखा दोनदा अडखळतो, धूर सुटतो, इंजिन धरतं.)

27 ऑक्टोबर 1947. दिल्लीहून डकोटा ही मालवाहू विमानं निघाली आहेत. आत पहिल्या शीख पलटणीचे जवान, त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय, आणि एक विचित्र हुकूम: श्रीनगरवर पोहोचलात की आधी घिरट्या घाला. धावपट्टी आपल्या ताब्यात दिसली तर उतरा. नसेल तर जम्मूला वळा.

म्हणजे खाली कोण उभं आहे, हे दिल्लीतही कुणाला ठाऊक नव्हतं.

आदल्याच दिवशी काश्मीरच्या महाराजा हरिसिंगांनी भारतात येण्याच्या सामीलनाम्यावर सही केली होती. पाकिस्तानातून घुसलेले टोळीवाले बारामुल्लापर्यंत आले होते. रस्त्यानं फौज पाठवायला वेळच उरला नव्हता. उरलं होतं ते आकाश, आणि त्या आकाशात भारताकडे लष्करी वाहतुकीची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, एकच होती. 12 नंबरची.

तिचा जन्म मात्र लढाऊ स्क्वाड्रन म्हणून झालेला. 1 डिसेंबर 1945 रोजी, कोहाटला, स्पिटफायर विमानांसह. वर्षभरात स्पिटफायर गेली आणि डकोटा आल्या. स्पिटफायरच्या वैमानिकाला हे कसं वाटलं असेल, याची कल्पना करता येते. शर्यतीचा घोडा सोडवून हातात बैलगाडीचा कासरा द्यावा, तसं. फाळणीत डकोटांची 6 नंबर स्क्वाड्रन पाकिस्तानकडे गेली, 12 नंबर आपल्याकडे आली. निर्वासितांची ने-आण चालू असतानाच काश्मीरचं बोलावणं आलं.

(दृश्य: धुळीत उतरणारं विमान, दारातून उड्या टाकणारे जवान.)

धावपट्टी मोकळी होती. विमानं उतरली, रिकामी झाली, परतली. कर्नल राय त्याच दिवशी बारामुल्लाच्या रस्त्यावर कामी आले. पण विमानतळ हातात राहिला. 3 नोव्हेंबरला बडगामला मेजर सोमनाथ शर्मा आणि त्यांची कुमाऊँची तुकडी ज्यासाठी लढली, तो हाच विमानतळ. तो गेला असता तर पुढची कुमक उतरणार कुठे?

एकट्या 12 नंबरला हे झेपणं शक्य नव्हतं. प्रवासी कंपन्यांची विमानं आणि त्यांचे पायलटही जुंपले गेले. 17 नोव्हेंबरपर्यंत दिल्लीहून 704 फेऱ्या झाल्या. माणसं, दारूगोळा, पीठ. लढाईच्या गोष्टींत पिठाचं नाव येत नाही; विमानात मात्र जागा त्यालाही लागतेच.

(दृश्य: डोंगरांनी घेरलेलं पूंछ.)

आणि मग पूंछ. शहराला वेढा पडलेला. आत ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांची फौज आणि हजारो निर्वासित. याच निर्वासितांनी सैनिकांबरोबर हातानं माती सारून धावपट्टी तयार केली. आखूड, भोवती डोंगर, त्या डोंगरांवर शत्रूच्या तोफा. डिसेंबर 1947 मध्ये तिथं पहिली डकोटा उतरवली ती एअर कमोडोर मेहर सिंग यांनी. सगळे त्यांना ‘बाबा’ म्हणत. आधी स्वतः उतरून बघायचं आणि मग पोरांना पाठवायचं, ही त्यांची रीत. पुढे तोफाही विमानातूनच आत गेल्या. जाताना रसद, येताना जखमी आणि बायामुलं. हे जवळजवळ वर्षभर चाललं. नोव्हेंबर 1948 मध्ये वेढा उठला, तोवर पूंछ जगलं ते या फेऱ्यांवर.

मालवाहू विमानानं बॉम्बही टाकले. डकोटाला बॉम्ब लटकवायची सोयच नाही. ते दारातून ढकलायचे. नेम कितपत लागत असेल, ते विचारू नये.

सगळीकडे यश आलं असंही नाही. स्कार्दूची दरी इतकी अरुंद की तिथं डकोटा शिरू शकली नाही. टेम्पेस्ट लढाऊ विमानांनी नळकांड्यांतून रसद टाकली, पण ती पुरली नाही. तिथं वेढ्यात अडकलेल्या फौजेच्या लेफ्टनंट कर्नल शेरजंग थापांना 14 ऑगस्ट 1948 रोजी शस्त्रं खाली ठेवावी लागली.

(दृश्य: बर्फाची शिखरं. इंजिनाचा आवाज क्षीण.)

लेह मात्र वाचलं. सिंधूकाठी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्यानं धावपट्टी आखून घेतली होती, साडेदहा हजार फुटांहून उंच. डकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही. वाटेत झोजिला, फोतुला या खिंडी, आणि त्यांच्याही वर डोकं काढणारी शिखरं. विरळ हवेत इंजिनांचा जोर ओसरतो, माणसाचाही. 24 मे 1948 रोजी बाबा मेहर सिंग निघाले; सोबत जनरल थिमय्या. ज्या वाटेनं कुणी विमान नेलं नव्हतं, तिथं सेनापतीला बसवून नेणं हा धीर म्हणावा की आगाऊपणा? उतरल्यावर सगळेच त्याला धीर म्हणाले. लेहकरांनी या अजब जनावरासमोर गवत आणून ठेवलं, असं सांगतात. खरं-खोटं लेहला माहीत. जूनमध्ये गुरखा जवान याच वाटेनं उतरले.

मेहर सिंगांना महावीर चक्र मिळालं. 1952 मध्ये विमान अपघातातच ते गेले.

(दृश्य: जामनगर, 2018. चंदेरी डकोटा धावपट्टीवर.)

ही डकोटा भंगारात सापडली. दुरुस्त होऊन 2018 मध्ये हवाई दलात आली. नाव परशुराम. श्रीनगरला गेलेलं विमान हे नव्हे. शेपटीवरचा क्रमांक मात्र त्याचाच रंगवला आहे: व्हीपी 905.