‘रीसेंटली’ म्हणजे नक्की कधी?

मंडळी, आजचा विषय ‘रीसेंटली’ आणि ‘लेटली’ यांतला फरक. पण आधी ‘रीसेंट’च्या पोटात किती काळ मावतो ते बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

चार्ल्स लायल हे भूवैज्ञानिक. १८३३ साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात त्यांनी खडकांच्या थरांची वर्गवारी केली. रीत साधी होती. थरात सापडलेल्या शंखशिंपल्यांच्या जातींपैकी आज किती जिवंत आहेत ते मोजायचं. जिवंत जाती जितक्या जास्त, तितका थर अलीकडचा. इओसीन नावाच्या थरांत हे प्रमाण जेमतेम साडेतीन टक्के. थरांची नावं ग्रीक ‘काइनोस’ म्हणजे ‘नवा’ या शब्दावरून घडवलेली: इओसीन ही नव्याची पहाट, मायोसीन कमी नवा, प्लायोसीन जास्त नवा. आणि माणसाच्या वावराचा काळ? त्याला लायलनी सरळ ‘रीसेंट’ म्हटलं! पुढे त्याच्या जागी होलोसीन हे नाव रुळलं. आज त्याची सुरुवात सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीची मानतात. आणि ती नव्याची ‘पहाट’ उजाडली सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी.

म्हणजे ‘रीसेंट’ला स्वतःचं माप नाही, ज्या गोष्टीबद्दल बोलतोय तिचं माप तो घेतो. ‘रीसेंट’ बातमी कालपरवाची, ‘रीसेंट’ लग्न काही महिन्यांपूर्वीचं. म्हणूनच अर्जावर नुसतं ‘रीसेंट फोटो’ छापलेलं असलं की माणूस अडतो. दोन वर्षांपूर्वीचा चालेल का? असे अर्ज तयार करणारे कुणी इथे असतील तर कळकळीची विनंती: किती महिन्यांच्या आतला, ते आकड्यात लिहा.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आलीय. मूळ मुद्दा झटपट सांगतो.

आपलं ‘अलीकडे’ दोन्हीकडे चालतं: ‘अलीकडे तो उशिरा येतो’, ‘अलीकडेच त्याने फ्लॅट घेतला’. इंग्रजी करण्याआधी तिथे ‘हल्ली’ घालून बघा. ‘हल्ली तो उशिरा येतो’ हे बसतं. ‘हल्ली त्याने फ्लॅट घेतला’ कानाला खटकतं, तिथे ‘नुकताच’ हवं. ‘लेटली’चा स्वभाव ‘हल्ली’सारखा: चालू असलेली किंवा पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट. म्हणून ‘ही लेटली बॉट अ फ्लॅट’ चुकतं, ‘ही रीसेंटली बॉट अ फ्लॅट’ बरोबर. ‘रीसेंटली’ मात्र ‘हल्ली’च्या जागीही चालतं. तिथे चूक होते ती क्रियापदात. ‘रीसेंटली ही इज कमिंग लेट’ नाही. ‘ही हॅज बीन कमिंग लेट रीसेंटली’, किंवा शेवटी ‘लेटली’.

दुसरी नेहमीची चूक: ‘आय हॅव रीसेंटली मेट हिम यस्टरडे’. मराठीत ‘काल भेटलोय त्याला’ खपतं, इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ गेलाच पाहिजे. दिवस सांगितलाय, मग ‘रीसेंटली’ही नको: ‘आय मेट हिम यस्टरडे’.

‘जस्ट’चं एवढंच: ब्रिटिश माणूस बहुधा ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणेल, अमेरिकन ‘आय जस्ट एट’ही सर्रास म्हणतो. दोन्ही शुद्ध. परीक्षेत मात्र तुमचं पाठ्यपुस्तक कोणत्या वळणाचं आहे ते बघूनच लिहा.