बिनहोडीची मच्छीमार

(चेंबूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘मुंबईच्या खाडीतली मासेमारी आणि बायकांची सरकारी नोंद’. नोंदीकडे मी येणारच आहे. पण जिची नोंद झाली नाही, ती बाई आधी तुम्हाला दिसायला हवी.

ती माझी आजी. आम्ही तिला बय म्हणायचो. ट्रॉम्बे कोळीवाड्यातली. मासे धरणारी. हे मुद्दाम सांगते, कारण मुंबईत कोळीण म्हटलं की लोकांना पाटी दिसते, कोयता दिसतो, भावावरून घातलेली हुज्जत आठवते. पुरुष दर्यावर आणि बाई बाजारात, ही वाटणी डोक्यात पक्की बसलीय. मोठ्या होडीपुरती ती खरीही आहे. डोल जाळं घेऊन खोल पाण्यात बाया जात नव्हत्या. पण खाडीत होडी लागतेच कुठे? ओहोटीला पाणी उतरलं की चिखलात शिरायचं आणि निवट्या (चिखलातले छोटे मासे), चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, कोलंबी, हाताला लागेल ते धरायचं. हे काम बाया कायम करत आल्यात.

बयकडे तर पाग होता. पाग म्हणजे गोल जाळं, काठाला शिशाचे मणी, फेकलं की हवेत छत्रीसारखं उघडतं. तो फेकणारे बहुतेक पुरुषच. आजोबा लवकर गेले, पदरात चार पोरं आणि पाग भिंतीला टांगलेला. बयने तो खांद्यावर टाकला. फेकताना काठाचा एक भाग दातांत धरायचा आणि नेमक्या क्षणी सोडायचा, अशी तिची सवय. सत्तरीला पुढचे दात गेले. घरात सगळ्यांना वाटलं, आता थांबेल. तिने आठ दिवस अंगणात कोरडा पाग फेकून पाहिला, दातांऐवजी डाव्या कोपरावर घडी घ्यायची नवी तऱ्हा बसवली आणि नवव्या दिवशी खाडीवर गेली. वयाच्या ७८व्या वर्षापर्यंत जात होती. आधार कार्डावर तेव्हा ती ७१ची होती आणि जन्मतारीख १ जानेवारी, तुमच्यापैकी अनेकांच्या आज्यांची असते तशी.

आता भरतीचा हिशेब सांगते. तो आमच्या घरातला सर्वात मोठा वारसा आहे. मी घड्याळाकडे पाहिलं की बय म्हणायची, “घड्याल नको बगू, तीथ बग.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो, तेच गणित बोटांवर आणलेलं. थोडं मागेपुढे होतं, पण चिखलात तेवढं चालतं. इथे कुणाला आजची तिथी माहीत आहे? मोबाईल काढायचा नाही. तीनच हात! बय असती तर म्हणाली असती, आज तिघांच्याच घरी कालवण.

अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी पुरतं उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला भरती जितकी चढते तितकीच ओहोटी खोल जाते आणि पार आतला चिखल उघडा पडतो. कमाईचे दिवस ते. चिखलात पाय उचलायचा नाही, सरकवायचा. तिवरांच्या मुळांचे खुंट वर आलेले असतात, ते तळव्यात शिरतात. चिंबोरी अमावास्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ, असं ती सांगायची आणि पौर्णिमेची चिंबोरी गिऱ्हाईकाला त्याच भावात कधी दिली नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, यांत्रिक होड्या बंदरात ओढलेल्या. बयला ती बंदी लागू नव्हती. चेंबूर स्टेशनबाहेर तिच्या पाटीभोवती गर्दी व्हायची ती याच दिवसांत.

मग २०१० आलं. ७ ऑगस्टला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली. तेल सांडलं, तिवरांना काळा थर बसला. नारळी पौर्णिमा २४ तारखेला होती. मासळी कुणी घेईना. बय तरी प्रत्येक ओहोटीला जायची, रिकामी पिशवी आणि काळे हात घेऊन परतायची, रॉकेलने हात धुवायची. पुढे नुकसान लिहून घ्यायला एका कार्यालयातले लोक वाड्यात आले. मी तिच्याबरोबर रांगेत होते. होडीचा नंबर? होडी नाही. परवाना? नाही. “मग मासेमारी कशाने करता, आजी?” बयने लुगडं जरा वर घेऊन पाय पुढे केला. “ह्या पायांनी.” रांगेतले हसले. त्या माणसाने व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलं. मी दुरुस्ती मागितली, तर असा रकानाच नाही म्हणाला.

घरी येईपर्यंत बय गप्प होती. मग तिने विचारलं, गृहिणी म्हंजे काय? घर सांभाळणारी, मी म्हटलं. “घर त माजी सून सांबालते.” त्या कागदाचा राग मला आजही येतो. तेव्हा ती ७४ वर्षांची होती आणि पन्नासेक वर्षं त्या खाडीत उतरत होती.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा मुद्दे भराभर सांगते. आपल्या राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. तो नौकेभोवती उभा आहे, नोंदणी नौकेची आणि परवानाही नौकेचा. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या २०१०च्या गणनेत देशातली ३,२८८ मच्छीमार गावं मोजली गेली. त्यात मासेमारी वेगळी आणि संलग्न कामं वेगळी. बाया मुख्यतः दुसऱ्या भागात सापडतात: विक्री, सुकवणं, सोलणं, जाळं विणणं. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९मध्ये मच्छीमारांना खुलं झालं, पण समुद्र-खाडीतल्या मासेमारीसाठी अट नोंदणीकृत होडीची आणि परवान्याची. पाग घेऊन चालत जाणारीने काय दाखवायचं? जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१४मध्ये लहान मासेमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वं केली, त्यांत मासे धरण्याआधीचं आणि नंतरचं कामही मासेमारीच्या कक्षेत घेतलंय. इथे तर प्रत्यक्ष मासे धरणारीच बाहेर आहे.

ठाणे खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता. मला त्याचा आनंद आहे. पक्षी मोजले जातात तशा त्याच खाडीत उतरणाऱ्या बायाही मोजा. माझी मागणी एवढीच आहे: परवान्यात ‘पायी मासेमारी’ असा रकाना असावा, साधन म्हणून पाग, लोखंडी आकडा, हात लिहिता यावं, आणि दाखला मच्छीमार सोसायटीने द्यावा. भरपाईची यादी त्यावरून व्हावी.

बय २०१६ला गेली. पाग माझ्या चुलतबहिणीकडे आहे. परवा अमावास्या. पंधराची पाऊणपट करा, त्यातून सहा तास वजा करा आणि त्या वेळी पहाटे ट्रॉम्बे जेट्टीवर या, ती उतरणार आहे. चपला घालून येऊ नका, चिखल ठेवून घेतो.