पाठ टेकली, पुढे काय?

(दृश्य : शुक्रवार पेठ, पहाटेचे साडेपाच. तालमीचं बुटकं दार.)

नगरकर तालीम, खालकर तालीम, निंबाळकर तालीम. पुणेकरांच्या तोंडी ही नावं रोज येतात, पण पत्ता सांगण्यापुरती. आत डोकावणारे थोडेच. तरी पेठांमधले काही हौदे, म्हणजे कुस्तीच्या मातीचे आखाडे, अजून रोज पहाटे उकरले जातात. या दारातून आत शिरताना वाकावं लागतं. समोर मारुती, कोपऱ्यात मुद्गल आणि करेला ही व्यायामाची वजनं, आणि मधोमध ताक, तेल, हळद मुरलेली लाल माती.

या मातीपाशी आम्ही एक प्रश्न घेऊन आलो आहोत. कुस्ती, बॉक्सिंग, कराटे, ज्युडो, थायलंडची मुय थाई यांतले गडी खरोखर समोरासमोर उभे केले, तर टिकेल कोण? शाळेत असताना कट्ट्यावर बसून यावर आम्ही तासन्‌तास भांडलो आहोत. मी कराटेच्या बाजूनं भांडायचो.

(दृश्य : काळ्या पडद्यावर तारीख उमटते.)

12 नोव्हेंबर 1993. अमेरिकेतलं डेन्व्हर. अष्टकोनी पिंजरा, वजनगट नाहीत. बॉक्सर, कराटेवाला, सुमो पैलवान, सगळ्यांची एकाच रात्री आपसात गाठ घालून दिली. यूएफसी या सगळ्या प्रकारच्या लढवय्यांना एकत्र उतरवणाऱ्या स्पर्धेची ही पहिली खेप. ती जिंकली सुमारे ऐंशी किलोच्या रॉयस ग्रेसीनं. तीन लढती मारल्या आणि तिन्ही मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. ठोसे-लाथांच्या नादी तो फारसा लागलाच नाही. अंगाला भिडायचं, खाली घ्यायचं, गळा आवळायचा. ही ब्राझिलियन जिउ-जित्सू. तिचं मूळ जपानी ज्युडोत. मित्सुयो माएदा या जपानी ज्युडोपटूनं ती विद्या ब्राझीलला नेली आणि ग्रेसी घराण्यानं तिच्यातली जमिनीवरची लढत पिढ्यान्‌पिढ्या वाढवली.

लोकांना वाटलं, लागला निकाल. पण 1996 मध्ये मार्क कोलमनसारखा कुस्तीगीर पिंजऱ्यात आला. समोरच्याला खाली घ्यायचा, वर बसायचा आणि ठोसे हाणायचा. त्याच्यापुढे कुणी टिकेना. मग 1997 मध्ये किकबॉक्सर मॉरिस स्मिथनं त्याला हरवलं. स्मिथ खाली पडला, पण गांगरला नाही. खाली पडून तग कसा धरायचा हे तो आधी शिकून आला होता. कोलमनचा दम संपला, स्मिथ उठून उभा राहिला आणि लाथा चालू झाल्या. मला ही लढत ग्रेसीच्या विजयापेक्षा मोठी वाटते. डावाला तोड असते, हे आपल्याकडे तालमीतलं पोरही सांगेल. तोड दुसऱ्याच्या आखाड्यात जाऊन शिकावी लागते, ते स्मिथनं दाखवलं.

(दृश्य : शाळेचं मैदान, संध्याकाळ. रांगेत उभी मुलं, पांढरे गणवेश.)

नियमांचंही बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट 2021 मध्ये, कराटेच्या सर्वांत वरच्या वजनगटाची अंतिम लढत. सौदीचा तारेग हमेदी गुणांवर पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यात बसली आणि गंजजादेह बेशुद्ध पडला. बेफाम जोरानं मारल्याबद्दल हमेदी बाद झाला आणि सुवर्णपदक शुद्ध हरपलेल्याच्या गळ्यात पडलं. त्या खेळाच्या नियमात तो निकाल चोख होता. अंतर राखून मारायचं, मारताना हात आवरायचा, हा त्या कराटेचा कसच आहे. पिंजऱ्यात तीच लाथ बसली असती, तर हमेदीचा हात वर गेला असता.

म्हणून कराटेला नावं ठेवायचं कारण नाही. 2009 मध्ये ल्योतो माचिदानं कराटेतलं अंतर आणि पायांची चपळाई घेऊनच यूएफसीचा किताब मिळवला. पण खाली घ्यायला आलेला माणूस कसा अडवायचा, हेही तो पक्कं शिकला होता. मैदानातल्या या मुलांनी हवेत हजार ठोसे मारले तरी चालतील. अट एकच, अधूनमधून समोर असा कुणी हवा जो आपलं ऐकत नाही.

तालमीत तो रोज असतो. त्याला जोड म्हणतात.

(दृश्य : हौदा. दोन पैलवान, जवळून.)

सलामी झाली, मूठभर माती एकमेकांच्या अंगाला लागली, हात मानेवर गेले. खडाखडी. कपाळाला कपाळ. आता पायांकडे बघा. डावीकडच्यानं गुडघा वाकवला, पट काढला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढला. उजवीकडचा पडतो, पण पडता पडता कंबर फिरवतो आणि पालथा होतो. मातीवर पोट, पाठ आभाळाकडे. वस्तादांनी लहानपणापासून हाडात मुरवलेली गोष्ट ही, की काही झालं तरी पाठ टेकायची नाही.

हाच पालथा पडणारा पैलवान आठवड्यातून तीन संध्याकाळी कोथरूडच्या एका तळघरातल्या जिममध्ये जिउ-जित्सू शिकायला जातो.

(दृश्य : निळी गादी, ट्यूबलाइट.)

इथं समोरचा त्याच्यापेक्षा दहा-बारा किलोंनी हलका. पहिला पट पैलवानाचाच. समोरचा आपटतो. दुसऱ्यांदा मात्र पैलवान खाली येतो, सवयीनं पालथा होतो आणि फसतो. हलका गडी पाठीवर चढतो, पाय कमरेत अडकवतो, हात हनुवटीखालून सरकवतो. पैलवानाच्या मानेची शीर फुगलेली दिसते. तीन-चार सेकंद, आणि तो गादीवर थाप मारतो. सोड.

मातीत ज्या सवयीनं तो वाचतो, त्याच सवयीनं तो इथं हरतो. पट काढताना मान बाहेर राहते, तिथंही हाच धोका. नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला यूएफसीत उतरलेल्या भारताच्या भरत खंडारेची लढत पहिल्याच फेरीत गळ्याभोवती पडलेल्या हातानं संपली. त्याआधी, डिसेंबर 1976 मध्ये, गामा पैलवानाचा पुतण्या अक्रम कराचीत जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकीशी लढला. इनोकीनं हात पिरगळून धरला. अक्रमनं हार कबूल केली नाही आणि हात निकामी झाला. आमच्या कुस्तीत ताकद, पकड, दम, निडरपणा सगळं आहे. पण तिचा निकाल चितपट झाला की लागतो, म्हणून त्यापुढचं तिनं कधी शिकवलंच नाही.

मात्र शिकणं पैलवानाला जमतं. खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला गेले, तेव्हा मातीतून थेट गादीवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीहून ते कांस्यपदक घेऊन आले.

(दृश्य : पुन्हा गादी. दीड महिन्यानंतर.)

आज प्रशिक्षकानं पैलवानाला एकच काम दिलंय. मुद्दाम पाठीवर झोपायचं आणि तसंच राहायचं. पहिल्या दिवशी त्याला ते जमेना, अंग आपोआप वळायचं. आता हनुवटी छातीला, कोपरं बरगडीला, दोन्ही पाय समोरच्याच्या कमरेत. वरचा धापा टाकतोय. पैलवान छताकडे बघत शांत श्वास घेतोय.

(दृश्य : तालीम, पहाट.)

तालमीत तो हे करून दाखवत नाही. इथं पाठ टेकली की हरलाच. जोडीदाराचा पट येतो, तो पडतो, कंबर फिरवतो, पालथा होतो. फक्त आता पालथा होतानाही हनुवटी आत घेतो. वस्ताद काठावर बसून बघतात. कुस्ती संपल्यावर ते त्याला जवळ बोलावतात, त्याच्या मानेवर पंजा टाकतात आणि विचारतात, "हनुवटी कुणी शिकवली रे?"

"तिकडच्या सरांनी, वस्ताद."

वस्ताद धाकट्या पोरांना हाक मारतात. सगळे गोळा होतात. "दाखव यांना," म्हणतात.